खोक्यांसमोर टाय कशाला?

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लुइव्हिल नावाचं शहर आहे. तिथल्या विमानतळाला खरी जाग येते ती रात्री उशिरा. यूपीएस या पार्सल कंपनीचं मुख्य ठाणं इथे. मध्यरात्रीच्या आसपास एकामागून एक विमानं उतरू लागतात, पोटातला माल सरकत्या पट्ट्यांवर जातो, तासाला चार लाखांच्या घरात पार्सलं निवडली जातात आणि उजाडायच्या आत तीच विमानं दुसरा माल भरून पुन्हा उडतात. शेजारच्या टेनेसी राज्यात, मेम्फिसला, फेडेक्सचा असाच रात्रीचा कारभार. प्रत्येक विमानातून दोघं, कधी तिघं उतरतात. त्यांच्याकडे बघून आईचा हात ओढणारं पोर तिथे नसतं, दारात हात जोडून निरोप देणारं कुणी नसतं. खाली ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि कानांवर मफ चढवलेले कामगार. तरीही या माणसांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, गडद पँट आणि गळ्यात टाय.

कुणासाठी?

मालवाहू विमानं चालवणाऱ्या वैमानिकांत हा वाद जुना आहे. एका बाजूचं म्हणणं चार शब्दांत मावतं : खोकी तक्रार करत नाहीत. दुसरी बाजू म्हणते, वैमानिक तो वैमानिक. मागे माणसं बसलीत की मोबाइल फोनच्या पेट्या रचल्यात, याने धावपट्टीची लांबी बदलत नाही की ढगाचा स्वभाव बदलत नाही. मग कपडे का बदलायचे?

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. वैमानिकाने गणवेश घातलाच पाहिजे, असं अमेरिकेचे हवाई वाहतुकीचे नियम सांगत नाहीत. ते नियम वैमानिकाचे डोळे तपासतात, रक्तदाब तपासतात, ठरावीक काळाने त्याला सिम्युलेटरमध्ये बसवून इंजिन बंद पाडतात आणि काय करतो ते बघतात. दारूचा शेवटचा घोट आणि उड्डाण यांत निदान आठ तास गेले पाहिजेत, हेही त्यांत लिहिलेलं आहे. आपल्याकडे तर कामावर आल्यावर श्वासाची चाचणी द्यावी लागते. पण शर्टाचा रंग आणि टायची गाठ हा सगळा कंपनीचा हुकूम. त्यामुळे हा वाद सुरक्षेचा आहे, असं कुणी सांगू लागलं, तर त्याला थोडं थांबवावं आणि कुठल्या नियमात ते लिहिलंय, असं विचारावं.

आपली एसटी घ्या. तिचा चालक खाकीत असतो. त्याच खंबाटकी घाटातून तिच्याहून लांब, तिच्याहून दुपटीने जड ट्रक हाकणारा माणूस बनियनवर असतो. उतार दोघांनाही तोच, ब्रेक फेल झाले तर दरीही तीच. फरक एवढाच, की एसटीत मागे चाळीस-पन्नास माणसं बसलेली आहेत आणि त्यांना चालकाकडे बघून बरं वाटलं पाहिजे. गणवेश चालकापेक्षा त्याच्या मागे बसलेल्यांसाठी असतो. विमानातही सुरुवात अशीच झाली, फक्त तिथे ती जाणूनबुजून, विचार करून केली गेली.

०००

गंमत म्हणजे वैमानिक आधी मालवाहू होता. प्रवासी त्याच्या वाट्याला नंतर आले. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके हा फ्रेंच तरुण अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला साडेसहा हजारांच्या आसपास पत्रं घेऊन उडाला. जगातली पहिली अधिकृत हवाई टपालफेरी म्हणून ती गणली जाते. १५ मे १९१८ ला अमेरिकेच्या टपाल खात्याने नियमित सेवा सुरू केली. ती विमानं उघड्या कॉकपिटची. वरून पाऊस, समोरून इंजिनाचं उडतं तेल, आणि थंडी अशी की बोटं गोठून जायची. त्या वैमानिकांचा ‘गणवेश’ म्हणजे लोकरीचं अस्तर लावलेलं चामड्याचं जाकीट, गॉगल, गुडघ्यापर्यंतचे बूट. प्रत्येक वस्तू गरजेपोटी अंगावर चढलेली. त्या खात्याच्या नऊएक वर्षांच्या कारभारात तीसहून अधिक वैमानिक मेले. डीन स्मिथ नावाच्या वैमानिकाने वरिष्ठांना धाडलेली तार अजून सांगितली जाते : इंजिन बंद पडलं, उतरायला जागा एकच होती आणि तिथे गाय उभी होती; गाय मेली, विमान मोडलं, मी घाबरलो. चार्ल्स लिंडबर्ग अटलांटिक ओलांडून जगप्रसिद्ध झाला तो १९२७ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी तो सेंट लुइस–शिकागो मार्गावर टपालाच्या थैल्या वाहत होता, आणि त्या एका वर्षात दोनदा त्याला रात्रीच्या अंधारात विमान सोडून हवाई छत्रीने उडी मारावी लागली होती.

अशा माणसाच्या मागे बसून कोण प्रवास करणार? पॅन अमेरिकन कंपनीच्या हुआन ट्रिप यांना हा प्रश्न पडला. १९३०च्या दशकात त्यांची प्रचंड उडत्या बोटींसारखी विमानं समुद्रापारच्या मार्गांवर जायची होती. पैसेवाला प्रवासी आगबोटीच्या कप्तानावर विश्वास ठेवायला शिकलेला होता; चामड्याच्या जाकिटातला धाडसी पोरगा त्याला सर्कशीतला वाटायचा. ट्रिप यांनी सरळ आगबोटच उचलून विमानात आणली. विमानांना ‘क्लिपर’ हे जुन्या शिडाच्या जहाजांचं नाव दिलं. वैमानिकाचा ‘कॅप्टन’ झाला, मदतनीसाचा ‘फर्स्ट ऑफिसर’. आरमारी धाटणीचा गडद कोट, दुहेरी बटणं, पांढरी टोपी, बाहीवर सोनेरी पट्ट्या. कॅप्टनच्या चार, फर्स्ट ऑफिसरच्या तीन. जगातल्या बहुतेक सगळ्या विमान कंपन्यांनी पुढे हाच साज उचलला आणि तो आजही चालू आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये एअर इंडियाने मनीष मल्होत्रांकडून नवे गणवेश करून घेतले, तेव्हा वैमानिकांच्या वाट्याला आला तोही काळा, दुहेरी बटणांचाच सूट.

म्हणजे हा पोशाख जन्मला तो घाबरलेल्या प्रवाशाला धीर देण्यासाठी. मालवाहू कंपन्यांच्या वैमानिकांना तो वारशाने मिळाला. पणजोबांचा घोळदार अंगरखा पणतवाने ऑफिसात घालावा, तसं काहीसं.

आपल्याकडचा इतिहास तर या वादात आणखीच रस भरतो. भारतातल्या नागरी विमान कंपनीचं पहिलं उड्डाण मालाचं होतं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी कराचीच्या द्रिघ रोडवरून एक इंजिनाचं चिमुकलं पस मॉथ उडवलं, त्यात प्रवासी एकही नव्हता. होतं ते पंचवीसएक किलो टपाल. अहमदाबादला उतरून इंधन घेतलं. ते इंधन बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतून भरलं गेलं. दुपारी जुहू. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी थैल्या पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेल्या. पुढे एअर इंडियाच्या महाराजाच्या मिशा, लाल गालिचे आणि रेशमी साड्या आल्या त्या या पंचवीस किलोंवर.

आणि नागपूर. मेम्फिसचं नाव जगभरच्या व्यवस्थापन शाळांत घेतलं जातं. १७ एप्रिल १९७३ च्या रात्री फेडेक्सची चौदा छोटी विमानं १८६ पार्सलं घेऊन उडाली आणि चहूकडचा माल एका मध्यबिंदूवर आणून वाटण्याची युक्ती जगाला कळली, अशी ती कथा. पण १९४९ च्या जानेवारीत भारताच्या टपाल खात्याने हीच युक्ती नागपुरात सोनेगावच्या धावपट्टीवर सुरू केली होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही दिशांनी डाकोटा विमानं रात्री नागपूरला यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतायची. थैल्यांच्या सोबतीने कमी भाड्यात रात्र काढायला तयार असलेले थोडे प्रवासीही असत. २००९ मध्ये एअर डेक्कनच्या कॅप्टन गोपीनाथांनी ‘डेक्कन ३६०’ ही मालवाहू कंपनी काढली, तेव्हा त्यांनीही केंद्र निवडलं ते नागपूरच. कंपनी फार टिकली नाही. देशाचा मध्यबिंदू असण्याचा उपयोग संत्र्यांपलीकडे करून घेणं आपल्याला अजून जमलेलं नाही, हा वेगळा लेख आहे.

०००

आता काम बघू. रात्रीचे अडीच. विमान उभं आहे ते प्रवासी टर्मिनलपासून लांब, कार्गोच्या एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर. इथे काचेचा बोगदा नाही. उंच, अरुंद, लोखंडी शिडी आहे. दोघांपैकी एक जण टॉर्च घेऊन खाली उतरतो. याला ‘वॉक-अराउंड’ म्हणतात. नाकापासून सुरुवात करून विमानाला एक प्रदक्षिणा. चाकांच्या खोबणीत वाकून बघायचं, हायड्रॉलिक तेल कुठे पाझरतंय का. ब्रेक किती झिजलेत हे दाखवणारी बारीक पिन किती बाहेर आहे. टायरवर चीर आहे का. इंजिनाच्या पात्यांना पक्ष्याने काही केलंय का. खाली वाकताना टाय शर्टाच्या आत खोचायचा. कारण गळ्यात लोंबणारी पट्टी कशात अडकली, तर भलतंच व्हायचं. म्हणूनच पुष्कळ वैमानिक खरी गाठ न मारता चिमट्याचा टाय लावतात. ओढला की सुटतो. टाय घालायचा, पण तो लगेच निघाला पाहिजे अशी सोय करून.

आणि या सगळ्यात खांद्यावरच्या त्या चार सोनेरी पट्ट्या कुणाला दिसतात? कुणालाच नाही. कारण एप्रनवर पाय ठेवायचा, तर वरून चमकत्या पट्ट्यांचं फ्लोरोसंट जाकीट चढवावं लागतं. रात्री ट्रॅक्टरवाल्याला माणूस दिसावा म्हणून. गणवेशाचा सगळा रुबाब त्या पोपटी जाकिटाखाली झाकला जातो आणि कॅप्टन, इंजिनिअर आणि माल चढवणारा लोडर एका रंगाचे होतात. जिथे न दिसणं खरोखर जिवावर बेततं, तिथे पट्ट्या झाकून जाकीट घालायला लावलं जातं, हे मला फार बोलकं वाटतं.

मग वर. मालवाहू विमानात खुर्च्या नसतात. जमिनीवर पोलादी गोळे आणि रूळ बसवलेले असतात. त्यांवरून टनभर वजनाचं पॅलेट दोन माणसं ढकलत नेतात आणि खटक्यात अडकवतात. प्रत्येक खटका वर आलाय का, जाळं ताणलंय का, हे बघितल्याशिवाय निघायचं नाही. हवेत माल मागे सरकला, तर विमानाचा तोल जातो आणि मग खांद्यावर किती पट्ट्या आहेत याने फरक पडत नाही. जम्बोच्या मालवाहू अवतारात तर कॉकपिटकडे जायचा रस्ता मालाच्या मजल्यावरून शिडी चढून वर. आत काय असेल, याचा नेम नाही. मोटारीचे सुटे भाग, औषधं, शर्यतीचे घोडे, एक दिवसाची कोंबडीची पिल्लं, मासे, फुलं. घोडे असले की सोबत त्यांचे सांभाळणारेही येतात आणि वासही येतो. तो वास इस्त्रीला जुमानत नाही.

हे मोठ्या विमानांचं. अमेरिकेत छोट्या गावांतून पार्सलं गोळा करून मोठ्या केंद्रावर पोचवणारी एक इंजिनाची सेस्ना कॅरॅव्हॅनसारखी विमानं आहेत. तिथे वैमानिक एकटा. पुष्कळदा खोकी तोच चढवतो, तोच उतरवतो, तोच जाळं बांधतो. उड्डाणाचे तास जमवायला आलेली ही तरुण पोरं स्वतःला ‘फ्रेट डॉग’ म्हणवतात आणि त्यांच्यात जीन्स आणि टोपी हाच पोशाख आहे. यांना पांढरा शर्ट सक्तीचा करायचा म्हणजे धोब्याचं भलं करायचं. त्याहून उत्तरेला, अलास्कात, किराणा आणि डिझेल घेऊन बर्फावर उतरणारे वैमानिक आहेत. तिथल्या राज्याने कायदा केला तो विमानात काय न्यायचं याचा : अन्न, सुरी, आग पेटवायचं साधन, हिवाळ्यात बर्फावर चालायचे जोडे आणि स्लीपिंग बॅग. वैमानिकाच्या अंगावर काय हवं, याचा विचार कुणी खरंच जीव लावून केला, तर तो असा होतो.

०००

आणखी एक गोष्ट कपड्याच्या वादात फारशी निघत नाही, ती म्हणजे कापड. ३ सप्टेंबर २०१० ला यूपीएसचं एक बोइंग ७४७ दुबईहून कोलोनला निघालं. मालात लिथियमच्या बॅटऱ्या मोठ्या संख्येने होत्या. उड्डाणानंतर वीस-बावीस मिनिटांत आगीचा इशारा आला. थोड्याच वेळात कॉकपिट धुराने इतकं भरलं की समोरची उपकरणं दिसेनात. कॅप्टनचा ऑक्सिजन बंद पडला. उरलेल्या एकट्या वैमानिकाने दुसऱ्या विमानांकरवी कंट्रोल टॉवरशी बोलत दुबई गाठायचा प्रयत्न केला. दोघेही गेले. मालवाहू विमानाच्या मुख्य मजल्यावर बहुधा आग विझवणारा वायू सोडण्याची सोय नसते. हवेचा दाब काढून घ्यायचा, ऑक्सिजन तोडून आगीला उपाशी मारायचं, मुखवटा चढवायचा आणि जवळचं विमानतळ गाठायचं, एवढंच वैमानिकाच्या हाती.

विमानप्रवासाला जाताना सुती किंवा लोकरी कपडे घाला, नायलॉन-पॉलिस्टर टाळा, हे कृत्रिम कापड आगीत वितळून कातडीला चिकटतं, असा सल्ला सुरक्षातज्ज्ञ प्रवाशांना कित्येक वर्षं देत आलेत. लष्करी वैमानिकांचा ओव्हरऑल आगीला दाद न देणाऱ्या कापडाचा असतो. आणि ज्याच्या पाठीमागे बॅटऱ्यांच्या राशी रचलेल्या आहेत, त्याला पुष्कळ कंपन्या देतात तो शर्ट मिश्र धाग्याचा. कारण त्याला चुण्या पडत नाहीत! गणवेशाच्या बाजूने सुरक्षेचा मुद्दा मांडणाऱ्यांनी या शर्टाचं लेबल एकदा वाचावं. गणवेश स्वतःच त्रास देऊ शकतो, हेही घडलेलं आहे. २०१६ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने नवे गणवेश वाटले, तेव्हा हजारो कर्मचाऱ्यांनी, त्यांत बहुसंख्य केबिन क्रूने, पुरळ, डोकेदुखी, श्वासाचा त्रास अशा तक्रारी केल्या आणि कंपनीला शेवटी तो पुरवठादार बदलावा लागला.

आपल्या हवामानाचं तर बोलायलाच नको. मे महिन्यात नागपूरच्या एप्रनवर उभं राहून बघा. काळ्या कोटाची कल्पना आपल्या उन्हात कुणाला सुचलेली नव्हती, हे लगेच कळतं. २०२० च्या टाळेबंदीत ‘लाइफलाइन उडान’ची विमानं औषधं आणि चाचणीचे संच घेऊन देशभर फिरत होती, स्पाइसजेटने प्रवाशांच्या खुर्च्यांवर भाजीपाला आणि खोकी बांधून नेली. त्या दिवसांत वैमानिक पट्ट्यांवरून पांढरे पीपीई सूट चढवून उडत होते. गरज पडली तेव्हा पोशाख कामाकडे बघून ठरला आणि कुणाची शिस्त बिघडली नाही.

०००

मग गणवेश टाकूनच द्यावा का? इथे मी दुसऱ्या बाजूला थोडा वेळ बसतो, कारण तिच्याकडे एक भक्कम मुद्दा आहे : फाटक. रात्री तीन वाजता अनोळखी देशातल्या विमानतळाच्या कार्गो गेटवर बंदूकधारी पहारेकरी उभा असतो. त्याला इंग्रजी येत असेलच असं नाही. क्रूच्या यादीचा कागद, ओळखपत्र आणि पट्ट्यांचा शर्ट हे तिन्ही एकत्र बघितलं की तो हात खाली घेतो. टी-शर्टातल्या माणसाला तेच ओळखपत्र दाखवून अर्धा तास जास्त लागतो. शिवाय अमेरिकेत असंख्य वैमानिक राहतात एका शहरात आणि कामाला लागतात दुसऱ्या शहरातून. घर ते काम हा प्रवास ते दुसऱ्या कंपनीच्या कॉकपिटमधल्या जंपसीटवर, म्हणजे जादा खुर्चीवर बसून करतात. ती जागा द्यायची की नाही, हे त्या विमानाच्या कॅप्टनच्या हाती. तिथे नीटनेटक्या कपड्यांत जाऊन विचारायची रीत आहे आणि ती योग्यच आहे.

पण फाटकाचा मुद्दा जितका भक्कम, तितकाच तो उलटही वळतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्ली विमानतळावर लुफ्तान्साच्या कॅप्टनचा गणवेश घातलेला एक माणूस पकडला गेला. तो वैमानिक नव्हताच. रांगा टाळायला आणि वरच्या वर्गातली जागा पदरात पाडून घ्यायला कपडे वापरत होता. एप्रिल २०२४ मध्ये त्याच विमानतळावर सिंगापूर एअरलाइन्सच्या वैमानिकाच्या वेशातला दुसरा एक तरुण सीआयएसएफने धरला. ओळखपत्र त्याने मोबाइलवरच्या ॲपने बनवलं होतं. शर्ट बाजारात शिवून मिळतो. गणवेशाने पहारेकऱ्याचं काम सोपं होतं, आणि सोपं झालेलं काम फसवायलाही सोपं.

आणि ७ एप्रिल १९९४ ची मेम्फिसची घटना तर याच्याही पलीकडची. फेडेक्सचं डीसी-१० विमान कॅलिफोर्नियाकडे निघालं होतं. जंपसीटवर कंपनीचाच एक फ्लाइट इंजिनिअर होता. ओळखपत्र खरं, नोकरी खरी, फक्त दुसऱ्या दिवशी त्याची शिस्तभंगाची सुनावणी होती. गिटारच्या पेटीत त्याने हातोडे आणि मासे मारायचा भाला आणला होता. हल्ला अपघातासारखा दिसावा आणि विम्याचे पैसे घरच्यांना मिळावेत, हा बेत. तिघाही वैमानिकांच्या डोक्याला जबर मार लागला, तरी त्यांनी त्याच्याशी झुंजत विमान मेम्फिसला परत उतरवलं. पुन्हा कंपनीचं विमान मात्र ते उडवू शकले नाहीत. आतला माणूस आत आला होता; त्याला शर्टाने ओळखायचं म्हटलं असतं, तर तो आपलाच होता.

राहता राहिला अभिमान. याला मी हसणार नाही. बारामती, गोंदिया, नागपूर, धुळे... कुठल्याही उड्डाणशाळेत पहिल्या महिन्यातच पोरं पांढरा शर्ट आणि एखादी पट्टी लावून फोटो काढतात आणि तो गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो. पन्नास लाखांहून अधिक खर्च, त्यासाठी गहाण पडलेलं घर किंवा जमीन, आणि मग एक दिवस ‘कमांड’ मिळते, चौथी पट्टी लागते. त्या माणसाला मुंबईहून चेन्नईला कुरिअरच्या थैल्या नेताना पट्ट्यांची काय गरज, असं विचारणं उद्धटपणाचं आहे. चार पट्ट्या म्हणजे या विमानात शेवटचा शब्द कुणाचा, याचं उत्तर. मालवाहू विमानातही हा प्रश्न उद्‌भवतो. लोडिंग उरकायची घाई असलेला ग्राउंडचा माणूस आणि वजनाचा कागद पटत नसलेला कॅप्टन समोरासमोर येतात, तेव्हा हमखास. कपड्यांनी माणूस जास्त सावध होतो का, यावर मात्र भर देऊ नये. डॉक्टरांचा पांढरा कोट घातल्याने एकाग्रता वाढते, असं दाखवणारा एक अमेरिकन प्रयोग २०१२ मध्ये फार गाजला. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तो पुन्हा करून पाहिला, तर तो निकाल काही आला नाही.

गणवेशाचा सगळ्यात चाणाक्ष वापर कंपन्यांनी नाही, वैमानिकांच्या संघटनांनी केला आहे. पगारवाढीची बोलणी अडली की अमेरिकन वैमानिक पूर्ण गणवेशात, टोपीसकट, फलक घेऊन विमानतळाबाहेर शिस्तीत रांग धरतात. जीन्समधल्या शंभर माणसांचा मोर्चा वर्तमानपत्रात आतल्या पानावर जातो. शंभर गणवेशांचा पहिल्या पानावर येतो. फेडेक्सचे वैमानिकही असेच रस्त्यावर आले होते; २०२३ च्या जुलैमध्ये त्यांनी समोर आलेला करार मतदानाने फेटाळून लावला.

०००

आणि इथे या वादाचा खरा सांधा निखळतो. गणवेश सक्तीचा करणाऱ्या कंपन्यांचा युक्तिवाद हा, की मालवाहू वैमानिक प्रवासी वैमानिकाहून तसूभरही कमी नाही, दिसावाही तसाच. मान्य. मग झोपेचं काय?

१२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेतल्या बफेलोजवळ एक छोटं प्रवासी विमान पडलं, वैमानिकांच्या थकव्याची चर्चा देशभर झाली आणि अमेरिकेने विश्रांतीचे नियम नव्याने लिहायला घेतले. रात्रीचं काम, लागोपाठच्या पाळ्या, शरीराचं घड्याळ, सगळ्याचा विचार झाला. डिसेंबर २०११ मध्ये नियम जाहीर झाले. त्यांतून मालवाहू विमानं वगळली होती. कारण हिशेबाचं : नियम लावायला येणारा खर्च, त्याने टळणाऱ्या अपघातांच्या किमतीपेक्षा जास्त भरतो. साहजिकच आहे. मालवाहू विमान पडलं तर मरतात दोघं-तिघं. जी माणसं रात्रीच काम करतात, रात्रीसाठीच नेमली जातात, त्यांनाच रात्रीच्या थकव्याच्या नियमातून बाहेर ठेवलं गेलं.

१४ ऑगस्ट २०१३. यूपीएसचं एअरबस ए-३०० लुइव्हिलहून अलाबामातल्या बर्मिंगहॅमला निघालं. कॉकपिटमधल्या संभाषणाची नोंद पुढे जाहीर झाली. उड्डाणाआधी ते दोघं याच विषयावर बोलत होते की विश्रांतीचे नियम सगळ्यांना सारखे हवेत, आणि आपण किती थकलोय यावरही. पहाटे पावणेपाचला, मुख्य धावपट्टी बंद असल्याने दुसऱ्या आखूड धावपट्टीकडे उतरताना विमान प्रमाणापेक्षा खाली आलं आणि धावपट्टीच्या अलीकडच्या टेकाडावर आदळलं. दोघेही गेले. चौकशीत उतरण्याच्या पद्धतीतल्या चुका निघाल्या, आणि थकवाही निघाला. दोघांचेही गणवेश नियमाप्रमाणे असणार, यात मला शंका नाही.

यूपीएसच्या वैमानिकांची संघटना या वगळण्याविरुद्ध न्यायालयात गेली होती. २०१६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तिची याचिका फेटाळली. आपल्याकडेही विश्रांती सहजासहजी मिळत नाही. डीजीसीए या हवाई वाहतुकीच्या नियामक संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेणारे नियम जाहीर केले आणि कंपन्यांच्या हरकतींमुळे ते लागू व्हायला २०२५ उजाडलं.

तेव्हा माझा निवाडा असा. जी कंपनी प्रवासी आणि माल दोन्ही नेते, जिथे वैमानिक आज माणसं आणि उद्या खोकी घेऊन उडतो, तिथे एकच गणवेश राहू द्या; दोन कपाटं करण्यात अर्थ नाही. निव्वळ मालवाहू कंपनीत टाय, कोट आणि टोपी तिन्ही काढून टाका. सुती शर्ट द्या, थंडीत लोकरीचं जाकीट द्या. चमकत्या पट्ट्या त्या जाकिटातच शिवा आणि हुद्द्याच्या पट्ट्याही त्याच्यावरच, बाहेरून दिसतील अशा लावा. बूट न घसरणारे आणि कंपनीच्या खर्चाने. हॉटेल ते घर प्रवास आपापल्या कपड्यांत. फाटकावर शर्टाकडे न बघता ओळखपत्र यंत्रात घालून तपासा. एक इंजिनाच्या विमानात स्वतः खोकी उचलणाऱ्या पोराला मात्र जीन्समध्येच राहू द्या.

आणि ‘वैमानिक तो वैमानिक’ हे वाक्य कंपनीच्या वरिष्ठांनी उच्चारलं, की ते रोस्टरलाही लावायला सांगा. अमेरिकेत मालवाहू वैमानिकांना विश्रांतीच्या त्याच नियमांत आणणारं ‘सेफ स्काइज’ विधेयक काँग्रेससमोर अनेकदा मांडलं गेलं आहे. मंजूर ते एकदाही झालेलं नाही.